गुरुवारची गैरहजेरी

शिवा : ...तिला व्हरांड्यातच उभी केलीय, बाई. तुमी हाक मारलीत का आत येईल, माफी मागेल.

रुचिरा : कोण, पूर्वी? माफी कशाची, शिवादादा?

शिवा : गुरुवारी शाळा बुडवलीन ना तिनं! तुमचाच मेसेज आला. 'आपली मुलगी आज शाळेत आली नाही.' आमी खोल दर्यात. तिथं रेंज कुठची! पण बोट जरा किनाऱ्याकडं सरकली नि मोबाईल वाजला.

रुचिरा : म्हणजे... त्याच दिवशी मिळाला तुम्हाला?

शिवा : मिळाला म्हणजे? पोर गेली कुठं? शाळेची वाट खाडीच्या कडेनं. बायकोला, हिराला फोन लावला, तर ती बाजारात मासळी घेऊन बसलेली, तिला त्या गलक्यात कुठचा ऐकू येतो! मग रेंज पण गेली. आमच्या बोटीचे तांडेल आत्मारामदादा, त्यांनी पुढचामागचा बघितला नाय. जाळी तशीच ओढून घेतली नि बोट वळवली. सुरमईचे दिवस, बाई. सगळ्या खलाशांची फेरी फुकट गेली.

रुचिरा : अरे देवा.

शिवा : घरी येतो तर ही ओटीवर सागरगोटे खेळतेय! कुठं होतीस विचारला, तर बोलते शाळेत. देवाशप्पथ बोलते. दिली एक ठेवून. म्हटला, शाळेचा मेसेज खोटा नि तू खरी? आता बंदरावर आमच्या बोटीवरचा भिकाजी रोज विचारतो, 'शिवा, आज घरी कुणाला शिंक आली? वळवूया काय बोट?' पण आपलाच दाम खोटा, दुसऱ्याला काय बोलायचा!

रुचिरा : दादा, बसा जरा.

शिवा : बसत नाय. तुमी तिला वर्गात घ्या म्हणजे झाला.

रुचिरा : पूर्वी गुरुवारी शाळेत होती. पहिल्या बाकावर. फळ्यापाशी येऊन कविता म्हटली तिने.

शिवा : मग तो मेसेज?

रुचिरा : मी पाठवला. मी अजून शिक्षिका झालेले नाही ना, शिकतेय. आमच्या कॉलेजने हजेरीचं एक ॲप तपासायला दिलंय, वर्गात वापरण्याजोगं आहे का म्हणून. ॲपमधून पालकांना मेसेज सुटतो का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी कुणाला तरी गैरहजर लावायला हवं होतं.

शिवा : कुणाला तरी.

रुचिरा : म्हटलं, पूर्वीचे बाबा समुद्रावर असतात. त्यांना रेंजच नसेल, कुणाला त्रास नको. आणि मग ती नोंद दुरुस्त करायची विसरूनच गेले. दुसऱ्या दिवशी 'पोहोचला' अशी खूण दिसली, तेव्हा खूश झाले हो मी! दर्यातसुद्धा जातो म्हणून ॲपला पाचपैकी पाच गुण दिले. आता तुम्ही सांगितलंत आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही.

(शिवा वळून व्हरांड्यात उभ्या पूर्वीकडे बघतो.)

शिवा : माझ्याकडं नका बघू. पोटच्या पोरीचा ऐकला नाय मी.

रुचिरा : मी बंदरावर येते. तांडेलांना, भिकाजींना, सगळ्यांना सांगते, चूक माझी होती. कॉलेजच्या अहवालातही खरं ते लिहिते.

शिवा : ता मागनं. आदी तिचा बघा. मला तोंड उघडवत नाय तिच्यापुढं.

रुचिरा : पूर्वी! आत ये, बाळा. अगं, कान कसले धरतेस, सोड ते. घाबरू नकोस, आज बाबा ऐकणार आहेत. गुरुवारी तू कुठे होतीस, सांग त्यांना. खरं तेच सांग.

पूर्वी : मोबाईलमधी काय लिवलाय, बाई?