मैल एकेचाळीसला शाल हलवल्याबाबत

नाव: डेझबा एटसिटी
वय: सरकारी नोंदीप्रमाणे ८१. नोंद करणारा आला तेव्हा आई घरी नव्हती, शेजारणीने अंदाजे सांगितले.
धंदा: मेंढ्या पाळणे, विणकाम
राहणार: लाल कड्याखालची वस्ती, कोळशाच्या रेल्वे फाट्यावरील मैलाचा खांब ४१ समोर, गॅलप शहराच्या पूर्वेस, न्यू मेक्सिको
कूळ: आईकडून कडू पाणी, बापाकडून मीठ. (या कागदात असा रकाना नाही. पण कूळ सांगितल्याशिवाय माणूस कोण ते कळत नाही, म्हणून लिहायला लावले.)
दुभाषी: लेनोरा अटाकाई, वय २४, नात

मी वर लिहिलेली, आज सोमवारी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, अंमलदार पेशलाकाइ यांच्यासमोर बसून, विचारले तेवढे आणि थोडे न विचारलेलेही सांगते की,

मला लिहिता-वाचता येत नाही. लहानपणी मुलांना दूरच्या सरकारी शाळेत उचलून न्यायला गाडी यायची, त्या दिवशी घरचे मला मेंढ्या देऊन कड्याच्या आड पाठवत. त्यामुळे मी आमच्या नवाहो भाषेत बोलते, नात ते इंग्रजीत सांगते आणि अंमलदार लिहून घेतात. ठाण्याचा दुभाषी आज रजेवर आहे. अंमलदारांनाही आपली भाषा येते, पण ती पाहुण्याला कॉफी विचारण्यापुरती. हेही लिहायचे का, असे त्यांनी विचारले. लिहा म्हटले. नातीचा या प्रकरणात संबंध असल्याने गुरुवारी दुसरा दुभाषी बोलावू, असे त्यांचे म्हणणे पडले. गुरुवारी माझी लोकर कातरायची आहे. बोलता बोलता त्यांच्या आईचे कूळही कडू पाणी निघाले, म्हणजे ते नात्याने माझे नातू लागतात. त्यानंतर त्यांनी हरकत घेतली नाही.

लेनोरा ही माझ्या मुलीची मुलगी. जानेवारीपासून ती कोळशाच्या मालगाडीवर शिकाऊ कंडक्टर आहे. कंडक्टर म्हणजे तिकिटे फाडणारी नव्हे. गाडीत कोळसा असतो, तो तिकीट काढत नाही. डबे जोडायचे, सोडायचे, सांधा बदलून गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायची, उभ्या डब्यांचे हँडब्रेक आवळायचे, निघताना ते सोडायचे आणि गाडी पोचेपर्यंत तिची जबाबदारी घ्यायची, असे ते काम आहे. डेल ह्यूबर नावाच्या जुन्या कंडक्टरच्या हाताखाली ती हे शिकते. त्याला मी पांढऱ्या मिशा म्हणते. इंजिन चालवणारा बेनाविदेस. शिकाऊपणाचे दिवस पुरे होईपर्यंत कंपनी कोणालाही कारण न सांगता घरी पाठवू शकते. घटनेच्या दिवशी लेनोराचे एकोणीस दिवस उरले होते.

आमच्या घरातली सात माणसे रेल्वेवर गेली. माझा नवरा, त्याचे दोघे भाऊ, माझे चार मुलगे. सगळे खडी भरायला आणि खिळे ठोकायला. गाडी आली की घण खाली ठेवून बाजूला उभे राहायचे आणि ती गेली की पुन्हा ठोकायचे. इंजिनात बसून जाणारी ही पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मोठेपणा म्हणून वस्तीवर सांगून झाले आहे.

नेमणुकीच्या वेळी तिला नियमांचे एक जाड पुस्तक मिळाले. ते तिने माझ्या घरी बसून पाठ केले. एकेक नियम ती मला आमच्या भाषेत सांगायची. आजीला समजला म्हणजे परीक्षकाला समजेल, असे तिचे मत. मी लोकर पिंजायचे आणि ऐकायचे. बऱ्याच वस्तूंना आमच्यात शब्द नव्हते, ते आम्ही दोघींनी बसून केले. हँडब्रेकला मात्र बरा शब्द सापडला नाही, तो तसाच ठेवला. त्या पुस्तकातले निम्मे नियम शहाण्या माणसाला सांगावे लागू नयेत असे आहेत. एक मला आवडला. रुळाजवळच्या कोणत्याही माणसाने कोणतीही वस्तू जोरजोरात हलवली, तर तो गाडी थांबवण्याचा इशारा समजावा. मी विचारले, कोणीही म्हणजे मीसुद्धा का? ती म्हणाली, "तूसुद्धा. पण उगाच हलवू नकोस हं आजी, माझी परीक्षा आहे."

गाडी रोज सकाळी दहाच्या पुढेमागे माझ्या घरासमोरून जाते. गेली अकरा वर्षे मी तिला हात करते आणि इंजिनवाला आखूड शिटी देतो. हात म्हणजे हात, खांद्यापर्यंत. त्यासाठी मी कधी शाल काढलेली नाही. म्हातारी हात करते हे फाट्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. माझे म्हणणे आहे की त्यांना हे जरा जास्तच माहीत झाले आहे.

दिनांक १४ एप्रिल, मंगळवारी मी तेवीस मेंढ्या आणि कुत्रे घेऊन रुळाच्या अलीकडच्या बाजूस होते. वारा सुटला होता. गवत वाळलेले होते. वेळ दहा वाजून वीस मिनिटे असावी, कारण सोबतच्या रेडिओवर हरवलेल्या गुरांची नावनिशी सांगत होते. इंजिन पुढून गेले. शिटी झाली. मी हात केला. लेनोरा खिडकीत होती. तिने हात केला नाही, कामावर होती. ते बरोबरच होते.

मागून डबे येऊ लागले. नववा डबा समोर आला तेव्हा त्याचे एक चाक फिरत नव्हते, घासत येत होते. धूर होता, ठिणग्या होत्या, तापलेल्या लोखंडाचा वास होता. नववा कशावरून, असे अंमलदारांनी विचारले. मला अक्षरे येत नाहीत, पण मेंढ्या मोजता येतात. ठिणग्या गवतात पडल्या आणि गवत पेटले. पुढे दोन मैलांवर ओढ्यावरचा पूल आहे. तो लाकडी आहे.

हँडब्रेक आवळलेला राहिला तर चाक असे घासते, हे मी पिंजताना ऐकले होते. म्हणून मी शाल काढली, रुळापासून आठ पावलांवर उभी राहिले आणि ती दोन्ही हातांनी रुळाला आडवी, या बाजूने त्या बाजूला हलवली. इंजिन तोवर बरेच पुढे गेले होते. तिथे गाडीला वळण आहे. वळणावर आपली गाडी मागे वळून पाहावी, असाही एक नियम पुस्तकात आहे.

इंजिनात काय झाले ते मी पाहिले नाही. लेनोराने आज इथे सांगितले त्यावरून लिहायला लावते. तिने मागे पाहिले. पांढऱ्या मिशा कॉफी पीत होता. तो म्हणाला, "तुझी आजी आहे. रोजच हात करते. बस खाली." ती म्हणाली, "हात नाही तो, शाल आहे. थांबवा." बेनाविदेसने गाडी थांबवली. बेनाविदेसबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पांढऱ्या मिशांबद्दल एवढेच म्हणणे आहे की एकतीस वर्षे काम केलेल्या माणसाने कॉफी पितानाही मान वळवायला हरकत नाही.

लेनोरा डब्यांच्या कडेने चालत मागे आली. मी तेव्हा शालीने गवत बडवत होते. मेंढ्यांच्या वाड्याएवढी जागा जळाली, मग विझले. शाल सोबत आणली आहे. अंमलदारांनी मोजली, एका कोपऱ्याला वीतभर जळालेली भरली. लेनोराने चाक पाहिले. मग डब्यावर चढली आणि त्याचा हँडब्रेक सोडला. हे मी स्वतः पाहिले. खाली उतरल्यावर तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. मला म्हणाली, "आजी, तू घरी जा."

तेवढ्यात पांढऱ्या मिशा धापा टाकत आला. चाकाकडे पाहून थुंकला आणि तिच्याशी इंग्रजीत पुष्कळ वेळ बोलला. मला इंग्रजी येत नाही. पण त्या सगळ्या बोलण्यात हँडब्रेक हा शब्द एकदाही आला नाही, हे मी सांगू शकते. नंतर दोघे इंजिनाकडे गेले. गाडी निघाली. त्या दिवशी शिटी झाली नाही.

गुरुवारी कंपनीचा साहेब लिंडक्विस्ट कागद घेऊन घरी आला. टोपी काढून बसला, भाकरी खाल्ली, चांगला माणूस आहे. लेनोराच्या आईने मला कागदातला मजकूर सांगितला, तो असा: एका वृद्ध महिलेने रुळालगत येऊन विनाकारण शाल हलवली व गाडी थांबवली. गाडी तपासली. दोष आढळला नाही. खाली पांढऱ्या मिशांची सही होती. त्याखाली लेनोराची. साहेब म्हणाला, वय पाहून मोठी कारवाई करणार नाही, ठाण्यात जाऊन चूक झाली एवढे सांगा, समज देऊन सोडतील. लेनोराच्या आईने विचारले, काय सांगू त्यांना? मी म्हटले, सोमवारी जाते म्हणून सांग.

रविवारी लेनोरा घरी आली. पीठ आणि कॉफी आणली. फोडून ठेवलेली लाकडे पुन्हा फोडली. मटण वाढले ते खाल्ले. शाल धुऊन देऊ का, असे विचारले. नको म्हटले. आज सकाळी तिनेच मला मोटारीतून चाळीस मैल इथवर आणले. वाटेत ती वाऱ्याबद्दल बोलली. वारा खरेच बराच होता.

इथे आल्यावर अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, शाल हलवली का? मी हो म्हटले. दुसरा विचारला, कारण काय? मी नवव्या डब्याचे, चाकाचे, हँडब्रेकचे आणि तो सोडताना कोणाला पाहिले त्याचे सांगितले.

या ठिकाणी दुभाषी थांबली. किती वेळ थांबली ते अंमलदारांनी घड्याळ पाहून सांगितले, चार मिनिटे. त्यांनी मला आपल्या कॉफीपुरत्या भाषेत विचारले, आजी, बरे वाटते ना? मी म्हटले मला बरे आहे, दुखणे शेजारच्या खुर्चीत आहे. मग तिला विचारले की तुझ्या तोंडात घास आहे का. तिने नाही अशी मान हलवली. नंतर मी जे बोलले ते तसेच लिहावे.

मी म्हटले, "हलवली हे खरंय. दंड करू देत, समज देऊ देत. पण उगाच हलवली असं कागदावर आलं ना, तर उद्या दुसरं कोणी हलवेल तेव्हा गाडी थांबायची नाही. म्हणतील, बाया हलवतातच. तू थांबवलीस. त्या दिवशी तुझ्या हातून तेवढं एक बरोबर झालं. तेच खोटं करतेस होय गं?"

ती म्हणाली, "आजी, तेरा दिवस राहिलेत."

मी म्हटले, "मोजता येतं मला."

ती अंमलदारांकडे वळली आणि इंग्रजीत सांगू लागली. मी सांगितले त्यापेक्षा ते बरेच लांबले. मी हँडब्रेक एकदा म्हटले होते, तिच्या सांगण्यात तो तीनदा आला. जास्तीचे काय सांगितलेस, असे मी विचारले. तिने मला आमच्या भाषेत सांगितले. त्या सकाळी बाजूच्या रुळावर नऊ डबे उभे होते, ते इंजिनाच्या लगेच मागे जोडले. नऊंचे ब्रेक सोडायचे होते. आठवा सोडला तेव्हा पांढऱ्या मिशांनी हाक मारली, ती उडी मारून धावली, नववा राहिला. सगळे सोडले असे तिने गाडीच्या रेडिओवरून इंजिनात कळवले. शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन पाहिले नाही. आणि दोष आढळला नाही, या ओळीखाली सही केली.

अंमलदारांनी तिला विचारले की हे आजीचे म्हणणे आहे की तुझे. ती म्हणाली, "आजीचं तिच्या कागदात लिहा. हे माझं आहे, वेगळ्या कागदावर घ्या." त्यांनी कपाटातून दुसरा कागद काढला. तो माझा जबाब नाही, म्हणून त्याबद्दल मी काही सांगत नाही.

दोन्ही कागद आजच कंपनीकडे जातील असे अंमलदारांनी सांगितले. कंपनी पुढे काय करील ते त्यांना सांगता येत नाही. मी विचारले नाही. लेनोरानेही विचारले नाही.

शाल हलवल्याची समज द्यायची असल्यास मी घ्यायला तयार आहे. पुन्हा असे चाक दिसले तर पुन्हा हलवीन. हे कंपनीला आधीच कळवून ठेवावे.

वरचा मजकूर त्याच नातीने मला आमच्या भाषेत पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. कॉफीचे वाक्य गाळावे असे अंमलदारांनी सुचवले, मी गाळू दिले नाही. वाचताना ती कुठे थांबली नाही. मी बोलले तसाच तो आहे, कमी नाही, जास्त नाही, म्हणून खाली अंगठा उमटवते.

डाव्या हाताचा अंगठा: डेझबा एटसिटी

समक्ष: अंमलदार पेशलाकाइ, दिनांक २० एप्रिल २०१५, दुपारी १ वाजून १० मिनिटे

दुभाषीची सही: लेनोरा अटाकाई
दुभाषीचा धंदा: शिकाऊ कंडक्टर, मालगाडी. आजच्या तारखेस.