उजव्या पापणीवरची रेघ

बसा ना वन्सं, बोला की — हात गुंतलेत माझे, कान मोकळेच आहेत. फक्त पलंग हलवू नका, रेघ वाकडी जाते. आणि हसवू नका — हसवायला आला नाहीत ते दिसतंय म्हणा आरशात. तुमच्या बंधुराजांनी पाठवलं ना? बाहेर पेपर वाचतायत — अर्धा तास झाला, एकच पान. फारच गहन बातमी दिसते. हे? ह्याला ग्राफिक लायनर म्हणतात. खाली निळी रेघ, वर पांढरी, कोपऱ्यात तीन ठिपके. शेहेचाळिसाव्या वर्षी पोरींचे चाळे — म्हणा, म्हणा, तोंडात आलेलं गिळू नये माणसानं.

डावा डोळा सोपा हो, कोरी पाटी. हा उजवा बघा — चार महिन्यांपूर्वी चेहरा वाकडा झाला, तोंड परत जागेवर आलं, पापणी मात्र लोंबली ती लोंबलीच. तुम्ही आला होतात की बघायला, 'तरी बरं, लग्न झालेलंय' म्हणालात — केवढा धीर आला मला! तर ह्या डोळ्यावर मिटून रेघ मारली की उघडल्यावर पापणी ती गिळते. म्हणून उघड्या डोळ्यानं, समोर बघत, घडीच्याही वर काढायची — कडेला सेलोटेप लावायचा, म्हणजे टोक कसं सुरीसारखं येतं. पहिल्या दिवशी चौदा वेळा पुसली. डोळा लालभडक. घरात कुणी विचारलं का, रडलीस का म्हणून? छे, मी आपलं सहज सांगते.

ऑफिसात? ऑफिसात तर माझी फारच काळजी. चौकशीच्या खिडकीत बारा वर्षं बसले, आजारपणानंतर साहेब म्हणतात, 'तुम्हाला दगदग नको, मागे फायलींच्या खोलीत बसा.' दगदग! खिडकीत खुर्ची आहे हो, फायलींच्या खोलीत शिडी. मग सोमवारी ही अशी रेघ काढली नि जाऊन बसले सरळ खिडकीत. साहेब आले — 'हे काय?' म्हटलं, 'काजळ आहे साहेब, जरा फिरायला निघालंय.' समोर दहा माणसांची रांग, उठवतात कसे? पहिल्याच आजोबांनी चष्मा वर सरकवला, नीट निरखलं नि म्हणाले, 'छान काढलंयस. आता माझा अर्ज बघ.' एवढंच. पण चार महिन्यांत पहिला माणूस, वन्सं, जो बोलताना माझ्या तोंडाकडे बघत होता. बाकीचे कानाशी बोलतात. तुमचे बंधुराज तर जेवायलाही आता माझ्या डावीकडे बसतात — उजवीकडे वारा लागत नाही म्हणे. पंखा छताला आहे, अगदी मधोमध.

काय म्हणालात — रेघेमुळे चारचौघांत मान खाली जाते त्यांची? रेघेमुळे? बरं. — नाही, मी बोलणार नव्हते. ठरवलंच होतं की बोलायचं नाही. पण परवा ते गॅलरीत उभे राहून फोनवर तुम्हालाच सांगत होते ना — 'रंगवलं काय नि नाही काय, मला तिच्याकडे बघवतच नाही.' दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले होते मी, दाराशीच उभी होते. त्यांचं सगळं ऐकू आलं. तुमचं नाही आलं. तेवढं सांगा की — काय म्हणालात तुम्ही त्यावर?

...

हं. म्हणजे काहीच नाही.

उठा वन्सं, उजेड अडतोय. मला खिडकी दहाला उघडायचीय.