अर्धी गोळी

ललिता : सही करायची तं करा, नाई तं तो पेन मॅडमले वापस द्या. अर्ध्या घंट्यापासून टोपन काढून बसले.

धर्मपाल : भुऱ्यानं मान उचलली होती आत्ता. मी दारातून पाह्यलं.

ललिता : नाई उचलली त्यानं. कंपाउंडरनं सलाईनची नळी सरकवली, तवा हालली.

डॉ. प्रणाली : काका, घाई नाही. बसा निवांत.

धर्मपाल : मॅडम, आणखी एक सलाईन लावून पाह्यली तं?

डॉ. प्रणाली : पाच दिवस तेच करतोय आपण. रक्तातला किडनीचा आकडा काल नऊ होता, आज सकाळी अकरा आला. कुत्र्याचा दीडच्या वर जायला नको. माझ्या अमरावतीच्या सरांनाही रिपोर्ट पाठवले होते. तेही हेच म्हणाले.

धर्मपाल : माणसाचं रक्त मशीनवर धुतात नं? आमच्या पोस्टातल्या रामरावचं धुतात, आठवड्यातून दोनदा.

डॉ. प्रणाली : कुत्र्यांसाठी अकोल्यात ती सोय नाही. मुंबईत आहे. पण हा गाडीत तिथवर पोचायचा नाही, काका. बारा वर्षांचा आहे.

ललिता : तोंडाचा वास येते त्याच्या. जिभीले फोड आले. काल बोटाले तूप लावून चाटवलं, तं तेबी उलटलं. पानी पाह्यलं का तोंड फिरवते. आज पहाटं उठायले गेला अन् मागचे पायच उचलले नाईत. तिथंच लघवी झाली, तं माह्याकडं असा पाहे जसा काही गुन्हा केला त्यानं.

डॉ. प्रणाली : यापुढे फिट्स येतील. आज येतील, नाहीतर परवा. मी इंजेक्शन दिलं तर आधी गाढ झोप लागेल आणि मग श्वास थांबेल. नाही दिलं तरी तो थांबणारच आहे. फक्त हाल होऊन थांबेल. पण तुमच्या सहीशिवाय मी काही करणार नाही. तुम्ही ठरवा.

ललिता : सारेच म्हणून राहिले, तुमी ठरवा! प्रियाले पुण्याले फोन केला, तं ती रडत रडत म्हणते, बाबा, तुम्ही ठरवाल ते. विहारात भंतेजीले इचारलं, तं ते म्हणाले, त्याच्याजवय बसा. अहो, पाच दिवसापासून बसूनच तं हावो आमी!

धर्मपाल : मॅडम, मी रोज सकाळी पंचशील म्हणतो. चाळीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. पहिलंच शील आहे, जीव घेणार नाही. अन् हा तवा माह्या बाजूले येऊन बसे. मी उठेपर्यंत हालत नसे. त्याच तोंडानं शील म्हणायचं, अन् ह्या हातानं सही करायची?

ललिता : मच्छराची अगरबत्ती लावता, तवा नाई आठवत शील.

धर्मपाल : मच्छर नऊ वर्षं माह्या सायकलीमागं पळाला नाही, ललिता.

डॉ. प्रणाली : सायकलीमागे?

धर्मपाल : पोस्टमन होतो मी. जुन्या शहराची बीट. खाकी कपडे पाह्यले का गल्लीगल्लीतले कुत्रे अंगावर येत. एकदा तं पिंडरीचा लचका तोडला, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. अन् एक दिवस मोर्णेच्या पुलावर हा एवढासा मागं लागला. म्हटलं, झालं, आणखी एक. मी थांबलो, तं तोही थांबला. मी निघालो, तं तोही निघाला. सारी टपाल वाटून घरी आलो, तं दारात हजर. तीस वर्षं कुत्रे माह्या मागं लागले, मॅडम. सोबत आला तो हा एकटाच.

ललिता : मी म्हटलं, हा काय टपालात आला का? पत्ता तरी पाहा कोनाचा हाय. तं म्हणतात, आपलाच आहे.

डॉ. प्रणाली : काका, एक गोष्ट मला अजून उलगडली नाही. महिन्यापूर्वी हा धावत होता म्हणता. मग इतक्या झपाट्यानं किडनी कशी गेली? शी काळी होत होती, म्हणजे पोटातही जखमा आहेत. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, घरातलं काही औषध दिलं होतं का...

धर्मपाल : नाही म्हटलं होतं मी.

डॉ. प्रणाली : हो.

धर्मपाल : खोटं बोललो.

ललिता : म्हणजे?

धर्मपाल : माह्या गुडघ्याची गोळी. अर्धी. रोज सकाळी, पोळीच्या तुकड्यात.

ललिता : अव माय!

धर्मपाल : दिवाळीपासून लंगडून राहिला होता तो. ओट्यावरून उतरताना मी जसा भिंतीले धरून उतरतो, तसाच तो आंग टेकून टेकून उतरे. मले वाटलं, दोघांचं दुखणं एकच, तं औषधही एकच. आठवड्याभरात पळायले लागला. तूच म्हटलं होतं, पाहा, भुऱ्या जवान झाला.

ललिता : म्हटलं होतं. लई खुशीनं म्हटलं होतं.

डॉ. प्रणाली : किती दिवस दिलीत, काका?

धर्मपाल : दोन महिने. त्याच्यासाठी ते विष आहे, माहीत झालं मले. तुमच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून आहे नं, जनावराला माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. पोस्टमन माणूस, दिसन ते वाचतो. पहिल्याच दिवशी वाचलं. तुमी विचारायच्या आधी. म्हणूनच नाही म्हटलं.

ललिता : पाच दिवस हे पोटात ठेवून बसले तुमी?

धर्मपाल : खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. ते त्या दिवशी मोडलं. पहिलं तं रोज मोडून राहिलो होतो, पोळीसंग, न कळता. आता तुमी म्हणता, कळून मोडा. एकाच जिवाले दोनदा मारू का मी? अन् मॅडम, एक सांगा. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं, तं वाचला असता का?

डॉ. प्रणाली : पोटाच्या जखमांचं औषध लगेच सुरू केलं असतं. किडनीचं... माहीत नाही, काका. या वयात ती आधीच थकलेली असते. खरंच माहीत नाही.

धर्मपाल : हे 'माहीत नाही' लई वाईट आहे. पत्ता नसलेलं पत्र निदान वापस पाठवता येते.

ललिता : सकाळची देत होते तुमी?

धर्मपाल : हो. अर्धी.

ललिता : अन् सांजची अर्धी म्या दिली.

धर्मपाल : काय?

ललिता : गुळात खुपसून. तुमी विहारात गेले का. तो लंगडे ते मलेबी दिसे. मले का डोये नाईत?

धर्मपाल : खोटं बोलून राहिली तू.

ललिता : मंग तुमची पट्टी आठ दिवसांत कशी संपे? उलटी मीच तुमच्यावर ओरडे, दोन-दोन खाता म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा!

धर्मपाल : मले वाटे, मीच विसरून दोनदा खाल्ली.

ललिता : तुमी नाई खाल्ली. त्यानं खाल्ली. अर्धी तुमची, अर्धी माही.

धर्मपाल : काहून सांगितलं नाही मले?

ललिता : तुमी काहून नाई सांगितलं? आता पाप का पुण्य, जे काही हाय ते दोघाचं हाय. तुमी करा सही, तुमच्या खाली मी करते. त्याले आनखी एक रात काढायले लावू नका. तुमच्या शिलापायी तो काहून तडफडन?

धर्मपाल : मॅडम, दोघांच्या सह्या चालतात का?

डॉ. प्रणाली : एक पुरते. पण चालतात, काका.

धर्मपाल : कागद सरकून राहिला.

ललिता : मी धरते कागद. हं, करा. पूर्ण नाव लिवा, त्यायच्या रजिस्टरात तेच हाय.

धर्मपाल : झाली. घे.

ललिता : द्या इकडं.

धर्मपाल : मी आत जाऊ का त्याच्याजवळ?

डॉ. प्रणाली : जा ना. डोक्याशी बसा, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल. बोलत राहा त्याच्याशी. मी औषध भरून येतेच.

धर्मपाल : काय बोलू?

ललिता : रोज म्हणता तेच म्हणा. त्याले तेच ओयखीचं हाय.

धर्मपाल : पहिल्यापासून?

ललिता : पहिल्यापासून.

(धर्मपाल आतल्या खोलीत जातात.)

डॉ. प्रणाली : काकू, संध्याकाळची गोळी तुम्ही किती दिवस देत होतात? मला केसपेपरवर लिहावं लागेल.

ललिता : लिवू नका.

डॉ. प्रणाली : का?

ललिता : म्या दिलीच नाई तं काय लिवता? तीस वर्षं अंगणवाडीत काढली, बाई. कोनाची गोयी कोनाले देऊ नये, एवढं समजते मले.

डॉ. प्रणाली : मग ती पट्टी?

ललिता : ते खरंच दोन-दोन खातात. विसरतात आता.

डॉ. प्रणाली : आणि उद्या त्यांना कळलं तर?

ललिता : कोन सांगन? तुमी?

डॉ. प्रणाली : नाही.

ललिता : मंग झालं. त्यायचं चौथं पाच दिवसापूर्वी मोडलं, माह्यं आज. ते घरी गेल्यावर एकट्यानं हे घेऊन बसले असते, अन् त्या घरात आता पायापाशी येऊन बसणारंबी कोनी नाई. भरलं का औषध?

डॉ. प्रणाली : हो. चला. ...काका थांबले का म्हणायचे? आवाज येत नाही.

ललिता : पहिल्यावरच अडकून राहिले ते. चला, पुढचं मी सांगते त्यायले.