उसातला बिबट्या

आमच्या कुंडलचा दिग्या म्हाईत हाय न्हवं, मेटल बँडमध्ये गातोय तो? आता सांगली-पुण्याची पोरं त्याच्यासाठी लय येडी हायत, पण त्याचा पहिला कार्यक्रम ऐकला आमच्या गावानं, तोबी उसात.

त्याचे वडील आण्णा, मिलिटरीतनं रिटायर. म्हणायचे, "गळा बंद कर आन् भरतीला पळ." म्हणून गडी उसात शिरून मेटलवाल्यांसारखं घशातनं गुरगुरत गायचा सराव करायचा. एका संध्याकाळी बिबट्या आल्याची आवई उठली. निम्मं गाव काठ्या घेऊन बांधावर, पुढं आण्णा. आतनं डरकाळी आली तसं सगळं मागं सरलं. मग ऊस हलला आन् कानात हेडफोन घातलेला दिग्या बाहेर आला.

आमाला वाटलं, आता मार खातोय. आण्णा एवढंच म्हणाले, "निम्मं गाव मागं सारणारा आवाज मी आमच्या सुभेदाराचाच ऐकला हुता. भरती राहू दे."

परवा सांगलीत दिग्याच्या कार्यक्रमाला आण्णा पहिल्या रांगेत हुते. दिग्यानं डरकाळी फोडली, तसा शेजारचा म्हातारा दचकून उठाय लागला. आण्णांनी त्याचा हात धरला.

"आवं, बसा. आमचाच हाय."