मिठीत लागायला नको

टेक्ससमधल्या त्या गावातल्या शिकारीच्या दुकानात रेलिन नवऱ्यासाठी मासे धरायचे गळ घ्यायला आली होती. पुढे फुलाफुलांचा झगा घातलेली एक बाई पाठमोरी उभी होती आणि म्हातारा दुकानदार ड्वेन तिला दोन लहान पिस्तुलं दाखवत होता. रेलिनला त्याचं नवल नव्हतं. तिच्या स्वतःच्या पर्समध्येही एक होतंच.

“हे छोटं. झग्याखाली कुणाच्या बापाला कळायचं नाही. पण उडवताना हाताला हिसका देतं.”

“आणि हे?”

“ह्याला हिसका कमी, गोळ्या जास्त. फक्त कमरेला जरा फुगवटा येतो.”

“दिसण्याचं काही नाही हो काका. लागायला नको.”

“कुणाला?”

“पोरांना. बालवाडी आहे ना माझ्याकडे. सकाळी आली की सगळी कमरेला मिठी मारतात. उंचीच तेवढी त्यांची.”

“मग घोट्याला बांधा.”

“गोष्ट सांगताना मी खाली मांडी घालून बसते. झगा वर सरकतो.”

“कपाटात ठेवा की, कुलूप लावून.”

“आणि कुणी माथेफिरू बंदूक घेऊन वर्गाच्या दारात आला की त्याला काय सांगू? थांब, किल्ली शोधते?”

ड्वेनने छोटं पिस्तूल पुढे सरकवलं.

“हेच न्या. काखेखाली बांधायचा पट्टा देतो. तिथवर पोरांचे हात पोचत नाहीत.”

“एकीचे पोचतात. ती उडी मारून गळ्यातच पडते.”

पैसे काढताना बाई वळली आणि रेलिनला बघून तिचा चेहरा खुलला.

“अगं बाई, जोसीची आई ना तुम्ही? आत्ता तुमच्याच लेकीचं चाललं होतं.”