श्वास सोडून दिलेलं माप

(डॉक्टरांची खोली. टेबलावर कागद, त्यावर पेनाने काढलेली एक लांबट आकृती.)

शिंपी : म्हणजे शिवण उसवायची, आतला कचरा काढायचा आणि दुसऱ्या कापडाला जोडायची. कळलं.

डॉक्टर : जवळपास तसंच. तुमच्या स्वादुपिंडातली नळी फुगलीय, आत खडे अडकलेत. ती लांबीने उघडायची, खडे काढायचे आणि आतडं तिला जोडायचं. रस मोकळा वाहतो, ग्रंथी बहुतेक सगळी राहते.

ताई : आणि ती दुसरी शस्त्रक्रिया?

डॉक्टर : त्यात नळी तर उघडतोच, शिवाय स्वादुपिंडाच्या या जाड टोकाचा, म्हणजे डोक्याकडचा, सुजून कडक झालेला भाग कोरून काढतो. शस्त्रक्रिया मोठी. मधुमेह मागे लागायची भीती जरा जास्त. पण दुखण्याचं मूळ या डोक्यात असेल, तर नुसती नळी उघडून काही वर्षांनी पुन्हा दुखू शकतं.

शिंपी : डोक्याकडे कडकपणा आहे हे ताई लहानपणापासून सांगतेय.

ताई : गप रे.

शिंपी : पहिलीच करा, डॉक्टर. शाळेचे गणवेश कापून पडलेत.

डॉक्टर : सूज मध्यम आहे. म्हणून दुखणं किती, यावर बरंच ठरेल. मागच्या वेळी तुम्ही दहापैकी चार म्हणालात. चारच असेल, तर पहिली पुरे.

ताई : चार?

शिंपी : मधूनमधून. चार.

ताई : डॉक्टर, हा कापायच्या टेबलावर पालथा पडलेला असतो. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, बटण पडलंय, शोधत होतो. आमच्या दुकानात एवढी बटणंच नाहीत.

शिंपी : पण मी काय म्हणतो डॉक्टर, तुम्ही वाढवून नाही धरलंत?

डॉक्टर : काय वाढवून?

शिंपी : चार. आमच्याकडे कमरेचं माप विचारलं की माणूस कमीच सांगतो. आपण मुकाट्याने आत कापड जास्त सोडायचं. मला वाटलं, तुम्हीही सोडत असाल.

डॉक्टर : मी चारला चारच धरले.

ताई : घ्या! पोट स्वतःचं, आणि त्याचंच माप चोरतोय!

शिंपी : चोरीबिरी काही नाही. मोठी केली तर मी महिनोन्‌महिने घरी. तू एकटी मशीनवर, कंबर धरून.

ताई : सुईत दोरा ओवायला तुला कोणी शिकवलं?

शिंपी : तूच.

ताई : मग माझ्या कमरेची काळजी तू करू नकोस.

डॉक्टर : हे बघा, दुसरी केली म्हणून सगळं दुखणं जाईलच, असं वचन मी देत नाही. बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो, इतकंच. पण चुकीच्या मापावर मला कापता येणार नाही.

शिंपी : ते बरोबर आहे.

ताई : गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की तू काय म्हणतोस?

शिंपी : श्वास सोडा, म्हणतो.

ताई : आणि नाही सोडला तर?

शिंपी : टेप हातात धरून थांबतो.

ताई : आम्हीही थांबलोय.

डॉक्टर : सावकाश सांगा. किती?

शिंपी : नऊ. …आत्ता, इथे बसून.