पत्र्याचं खुराडं

…आणि त्या दिवशी ऊन तरी कसं म्हणता! वैशाखातलं, सुरतेचं, नुसता घाम! तापीकडून वाऱ्याची झुळूक नाही, तारेवरचं धोतरसुद्धा हलत नव्हतं. आणि अशा उन्हात मी, एवढा म्हातारा माणूस, शेजारणीच्या तुळशीच्या कुंडीत हात घालून उभा! कशाला? तर अंडं काढायला! लाज वाटते हो, पण सांगतो.

झालं असं, की आमची सून रंजना बाळंत झाली. अंगात रक्त नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला रोज अंडं द्या." मी म्हटलं, अंडं कशाला, कोंबड्याच पाळतो! आता डिंडोलीतल्या आमच्या घरामागं जागा केवढी? खाट टाकली की संपली. पण मी खानदेशातला धुडकू, मला कोंबड्या काय शिकवता?… खरं म्हणजे गावी कोंबड्या आई बघायची. मी पोरवयात सुरतेला आलो, कापडाच्या कारखान्यात लूमवर उभा राहिलो, तो म्हातारा होऊनच बाहेर पडलो. पण हे तेव्हा कोण बोलतंय!

शेजारी जशुबेन. देवाधर्माच्या, घरात कांदासुद्धा नाही. रंजनाला त्यांनीच डिंकाचा गुंदरपाक करून पाठवलेला. त्यांना मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बेन, तुमच्या अंगणात एक पीस दिसलं तर मला विचारा!" लाज वाटते हो…

मग बांधलं. कारखान्यातले भंगार पत्रे आणले, चारी बाजूंनी ठोकले, वरही पत्रा, बसायला ओळीनं दांड्या, मध्ये लोंबता बल्ब. आणि फिरायला मोकळी जागा? ठेवली की! दोन लूमच्या मध्ये फट असते ना, माणूस आडवा होऊन जातो, तेवढी. त्याहून मोकळी जागा कशी असते, मला काय ठाऊक? आमची सुभद्राबाई दारातूनच म्हणाली, "आहो, कोंबड्यासले वारा नको का?" मी म्हटलं, "तू गप! मजबूत पाहिजे. मांजर शिरलं म्हणजे?" मांजर कशाला शिरतंय! मांजराला अक्कल असते.

कोंबड्या आणल्या, आत घातल्या. सकाळी दार उघडतो तर काय, चोची वासून, धापा टाकत बाहेर, भिंतीवर उडी, आणि थेट जशुबेनच्या अंगणात! तिथं शेवग्याची सावली, मातीच्या परळात पाणी, पाखरांसाठी टाकलेली ज्वारी… माहेरच की हो! संध्याकाळी मी भिंतीवरून बोलावतोय, "या गं बायांनो, या…" एक वळून बघेल तर शपथ. उचलून आणल्या, तर असा कालवा, की गल्ली गोळा. "काका, कापताय काय?" "नाही हो, निजवतोय!"

आणि खुराड्यात अंडं? नाव नको. रंजना बिचारी रोज विचारायची, "मामा, आज?" मी पायाकडे बघायचो. लाज वाटते हो…

तर त्या दुपारी जशुबेनची हाक आली, "काका, जरा आवो तो!" गेलो. तुळशीच्या कुंडीवर टोपली उपडी, आणि त्या उन्हात जशुबेन शेजारी बसलेल्या. टोपली उचलली… खाली अंडं! कावळ्यानं नेऊ नये म्हणून राखण! जन्मात ज्या बाईनं अंड्याला हात लावला नाही, तिनं! मला वाटलं, तापी जवळ असती तर बरं. म्हटलं, "बेन, तुळस बाटली, माफ करा."

"तुळशीमां मिळालं, त्यात पाप शानुं?" जशुबेनचं मराठी असंच, निम्मं आमचं, निम्मं त्यांचं. "वहूला द्या. पण काका, त्यांना तुमचं घर का गमत नाय? चला, दाखवा."

नेलं. करतो काय! त्यांचे यजमान माझ्याच कारखान्यात कामाला होते, दुपारचा डबा घेऊन त्या आत लूमपाशी यायच्या. त्यांनी खुराड्यात डोकं घातलं, लगेच बाहेर काढलं, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या,

"काका, हे तर आपलं कारखानुंच बांध्युं तमे! मरघीनं एका दिवसात काम सोडलं… तुम्हाला इतकी वर्षं का नाय सुचलं?"